अक्का, ती दृष्ट नव्हती

प्रिय अक्का,

तू गेल्यावर चार महिन्यांनी तुझी धाकटी जाऊ तुला पत्र लिहवून घेतेय. हसू नकोस! वाचता तर तुलाही येत नव्हतं. तिकडे कोणी शिकलेलं भेटलं तर वाचून घे.

मी सध्या धुळ्याला, लेकीकडे, सुमनकडे. काल तिची पोरगी पल्लवी आईच्या जन्मतारखेचा कागद शोधत होती. पेटीतून निघाली सुमनची पत्रिका. पोरगी मोठ्याने वाचायला लागली, "दशमावर शनीची दृष्टी."

मी म्हटलं, "ठेव गं ते! दृष्ट लागल्याचं काय वाचतेस?"

ती हसून हसून आडवी. "आजी, दृष्ट नाही, दृष्टी! शनी आपल्या घरातून कामाच्या घराकडे बघतो, एवढंच. अशी माणसं हळू काम करतात, पण नेटकं. पहाटे उठतात, शिस्तीत राहतात."

निवडायला घेतलेली मेथी माझ्या हातात तशीच राहिली.

आठवतात का गं पारोळ्याचे जोशीबुवा? सुमन तेव्हा सात वर्षांची. शेंगा सोलायला बसली की आपल्या टोपल्या भरायच्या आणि हिची वाटी रिकामी. बुवा म्हणाले, "कामावर शनीची दृष्टी आहे, उशीर होणारच." मी तेवढंच ऐकलं, तेही दृष्ट म्हणून. आणि त्याच सकाळी तू तिच्याकडे बघून म्हणाली होतीस, "काय गुनी पोर शे वं तुनी!" शनिवारचा उपास तुझा, मारुतीला तेल तुझं. मला दृष्ट लावणारा शनी शोधायला लांब कशाला जायचं होतं?

झालं! मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, तरी मन भरेना. मग सुमनला तू उठायच्या आत उठवायला लागले. अंधारात आंघोळ, दार लावून न्याहारी, भिंतीकडे तोंड करून अभ्यास. तू दारात येऊन विचारायचीस, "सुमन कोठे शे वं?" मी आतून म्हणायचे, "झोपेल शे."

रोज झोपलेली, अक्का? शाळेची घंटा झाली तरी? तुला कळत होतं ना? मग भांडली का नाहीस? पाण्याच्या हंड्यावरून भांडायचीस, आणि यावर गप्प!

सुमन अजून पहाटे उठते. दार लावूनच चहा पिते. पल्लवी म्हणते, शनीची कृपा. शनी उगाच फुगेल बिचारा! तो मान माझ्या संशयाचा.

इथवर पल्लवी हसत लिहीत होती. पुढचं सांगितलं तसा तिचा हात थांबला. मी म्हटलं, "लिही."

सुमनने एकदा विचारलं होतं, "मोठी आई मला हाक का मारत नाही आता?" मी म्हणाले, "तिला तू आवडत नाहीस."

पोरीने ते खरं मानलं. तू भाच्याकडे पिंप्राळ्याला राहायला गेलीस, तिथून शेवटच्या दुखण्यात निरोप धाडलास, "सुमनला पाठव, तिच्या हातची वरण-बट्टी खाईन." सुमन म्हणाली, "तिला मी कधी आवडले नाही, आई. आता कशाला बोलावते?" मी समोरच बसले होते. तोंड उघडायचं होतं फक्त. उघडलं नाही. आठ दिवसांत तू गेलीस.

दृष्ट-दृष्टीची चूक अडाण्याची, ती मी पदरात घेते. पण ते वाक्य? ते बोलायला कुठलं अक्षर लागत नव्हतं.

संध्याकाळी सुमन कामावरून येईल. पल्लवी म्हणतेय, "आजी, मी सांगते, नीट सांगते." नको. ती गोड करून सांगेल. मीच सांगणार, आणि जेवणाआधी. मी वाढलेलं खाऊन बसली तर पोरीला माझी दया येईल. तिला रागावायचं असेल तर उपाशीपोटी, मनसोक्त रागावू दे. तुला शब्द देते अक्का, आज गप्प बसणार नाही.

तुझी धाकटी,
वत्सला
(अक्षर नातीचं, चूक माझी)