आधीच मानलेले आभार

नीउ-व्हेनेप, २००६

प्रिय सुधीर,

तुला जाऊन उद्या वर्ष होईल. तू असतास तर म्हणाला असतास, रूथ, कसलं पत्र लिहितेस, मी काय पोस्टमनची वाट बघत बसलोय? लिहितेय, कारण आज आपल्या रेचलने मला गप्प केलं.

इथल्या डच शाळेला निघायच्या आधी आम्ही दोघी प्रभूची प्रार्थना म्हणत होतो. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' ही ओळ आली आणि मी थांबले. तू गेल्यापासून ती माझ्या तोंडून निघतच नाही. तर पोरगीही थांबली, आणि थेट रोजच्या भाकरीच्या ओळीवर आली. मी विचारलं, मधलं कुठे गेलं गं? तर डचमध्ये म्हणते, "ते आपल्या घरात म्हणत नाहीत ना?"



ती आभाराची उपासना आठवते तुला? शुक्रवारी तुझ्या स्कॅनचा रिपोर्ट यायचा होता, आणि मी त्याआधीच शनिवारची आमंत्रणं देऊन मोकळी. आपल्यात माणूस आजारातून उठला की आभार मानतात. मी म्हटलं, आधीच मानले तर देवाला नाही म्हणायला तोंडच उरणार नाही. त्याला मी विश्वास म्हणत होते. तू हसलास. "अगं, देवाला कोंडीत पकडतेस की काय?"

रिपोर्ट वाईट आला. कॅन्सर लिव्हरपर्यंत पसरला होता. येऊ नका म्हणून सगळ्यांना सांगायला मी फोन उचलला, तर तू तो माझ्या हातातून काढून घेतलास. "येऊ दे त्यांना. आभार काय फक्त बरं झाल्यावरच मानायचे असतात?"

हार्लेमहून, झुइडओस्टहून आपल्या मंडळीतली माणसं आली. भिजलेले कोट जिन्याच्या कठड्यावर टाकले, आणि कुणी माझ्याकडे बघेना. तू खुर्चीत बसून प्रार्थना चालवलीस. पिवळा पडला होतास, शर्ट अंगावर लोंबत होता. पण त्या ओळीला तुझा आवाज जराही कापला नाही. इतका राग आला मला तुझा! स्वयंपाकघरात जाऊन पुलावाचं पातेलं आदळलं. तू माझ्या बाजूने नव्हतास रे. तुझं नि देवाचं आधीच ठरलं होतं, मला कुणी विचारलंच नव्हतं.

पुढे तुझं कण्हणं ऐकवेना, तेव्हा मी उलटी मागणी केली. आजच ने याला, म्हटलं. तेही त्याने ऐकलं नाही. तू तसाच पडून राहिलास.

त्यातच एका दुपारी माझा हात धरून म्हणालास, "रूथ, मला नाही जायचं. रेचलला मोठी झालेली बघायचंय." मी पाणी पाजलं, तू झोपलास. नंतर फारसं बोलला नाहीस. म्हणजे तुलाही जायचं नव्हतंच की. मग ती ओळ कशी म्हणत होतास? हे विचारायचं राहून गेलं, आणि वर्षभर मी तुझ्यावरच चिडून बसले.

उद्या तीच माणसं स्मरणाच्या प्रार्थनेला येणार आहेत. या वेळी प्रार्थना मीच चालवावी, असं सगळ्यांचं म्हणणं. मला अजून पटलेलं नाही. तुला नेलं ते कधीच पटणार नाही, हे देवालाही ठाऊक आहे. पण तुला तरी कुठे पटलं होतं?

तेव्हा वचन देते. उद्या ती ओळ म्हणेन. आवाज कापेल माझा, पण रेचलला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणेन.

तुझ्यावर अजून थोडी रागावलेली,
रूथ