एकशे शहाऐंशी पायऱ्या

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं ठेवतात. घानाच्या ताकोराडी बंदरातल्या सगळ्यात उंच क्रेनवर बसणारा माणूस मोठा नाही, तर मग कोण मोठं?

कंपनीनं 'निरोगी कामगार, निरोगी कुटुंब' अशी मोहीम काढली आहे. आमचं आणि घरच्यांचं वजन, कंबर, प्रेशर, साखर, सगळं तपासणार. आज माझा नंबर लागला. सिस्टर डेडे नवीन आहेत, हात अजून बसलेला नाही. प्रेशर १६८/१०४ आलं. मशीन बिघडलंय असं मी नम्रपणे सुचवलं. त्यांनी दुसरं लावलं. १७०. ते जास्त बिघडलेलं होतं.

५ मेला पुन्हा तपासणी. १४०/९० च्या वर प्रेशर असेल तर क्रेन बंद. खाली गोदामात बसून कागद भरायचे. तीन महिने दिलेत. मला तीन आठवडे पुष्कळ झाले.

गोळ्या पण दिल्या. गोळ्या आजारी माणसांसाठी असतात. ड्रॉवरमध्ये ठेवल्या.

व्यायामाची चिंता नाही. क्रेनला १८६ पायऱ्या आहेत.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

संकल्प. फुफू बंद, म्हणजे कसावा कुटून केलेला तो मऊ गोळा बंद. खारवलेले मासे बंद. बिअर फक्त कुणी वारलं तर.

(संध्याकाळी आठवलं, येत्या शनिवारी दोन अंत्यविधी आहेत.)

आराबाला सांगितलं. आराबा म्हणजे बायको. बंदराच्या गेटाबाहेर तिची चवळी-भाताची गाडी आहे, अर्धं बंदर तिच्या हातचं जेवतं. ती म्हणाली, कोबिना, तू फुफू सोडणार असशील तर मी श्वास सोडते. बायकांना शिस्त कळत नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

खूप हलकं वाटतंय. वजन केलं नाही. उठसूट वजन करू नये, शरीरावर दडपण येतं.

सिस्टरनी विचारलं, व्यायाम काय करता? क्रेनला १८६ पायऱ्या आहेत, मी म्हणालो. त्या खूश होऊन लिहून घ्यायला लागल्या. तेवढ्यात आमिसा मध्ये तोंड घालून बोलला, सिस्टर, लिफ्ट बसून दीड वर्ष झालं की! आमिसा माझा बदली ऑपरेटर. माझ्या खुर्चीवर त्याचा कायम डोळा असतो.

मी कुठं म्हणालो होतो की मी चढतो? पायऱ्या आहेत, एवढंच म्हणालो होतो.

रविवार, ९ फेब्रुवारी

काल सेकोंडीला चुलत मावशीचा अंत्यविधी. मंडप, बँड, चारशे माणसं. जेवणाच्या वेळी वहिनीनं फुफूचं ताट पुढे केलं. मी हात जोडून म्हणालो, नको, मी सोडलंय.

आमच्या टेबलावर सगळे गप्प झाले. मग शेजारचं टेबलही गप्प झालं. एगीरमामा उठून आले आणि त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. एगीरमामा आमच्या कुळाचे प्रमुख. आमच्यात माणसाला पुरायचं काम आईकडच्या कुळाचं, म्हणजे शेवटी त्यांचंच. पोरा, कधीपासून? त्यांनी हळूच विचारलं. मंगळवारपासून, मी म्हणालो. त्यांनी डोळे पुसले.

माझ्या निश्चयानं माणूस हेलावला. येताना टॅक्सीत तीन मीट पाय, म्हणजे खिमा भरलेले पॅटिस, खाल्ले. मीट पायबद्दल संकल्पात काही नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

घरात वादळ. गावात दोन मतं आहेत. एक, कोबिना एसुमानला असाध्य रोग झालाय. दोन, आराबा नवऱ्याला उपाशी ठेवते. गिऱ्हाईकं भात घेता घेता तिच्याकडे एकदा कीव करून बघतात, एकदा रागानं.

ती म्हणाली, तुझं अर्धा किलो वजन उतरलं नाही आणि अब्रू माझी उतरली.

सुधारकांच्या बायकांना हे सोसावं लागतं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सासूबाई आल्या. शामा गावाहून. सोबत उखळ, मुसळ आणि टोपलीभर तेलताडाची फळं. दारातच मला पाहून रडल्या. जावईबापूंची हाडं दिसायला लागली हो, म्हणाल्या. कुठली हाडं ते मी विचारलं नाही. मोठ्या माणसांना उलट विचारू नये.

सासूच्या हातचं नाकारणं म्हणजे तिच्या लेकीला नाकारणं. दोन वेळा फुफू खाल्लं, त्या फळांच्या तेलकट रश्शात बुडवून. नवा नियम: बंदी बाहेरच्या फुफूला आहे.

शनिवार, १ मार्च

कुटुंबाच्या तपासणीचा दिवस. सासूबाईंचं वय बहात्तर, प्रेशर १२२/७८. दिवसभर मुसळ मारतात, त्यामुळे असेल. आराबाचं १५२ आलं. ती घाबरली. मी समजावलं की ही मशीन सगळी बिघडलेली आहेत. तिनं ऐकलं नाही. तिथंच पाणी मागून पहिली गोळी घेतली.

मी कंपनीच्या मोहीम-कमिटीला कळवलं की माझ्या घरात मोहीम जोरात सुरू आहे.

शनिवार, ८ मार्च

आराबा पहाटे कीप-फिट क्लबात जाते. शंभरेक माणसं ढोल बडवत, गाणी म्हणत मार्केट सर्कलपर्यंत पळतात. आज मीही गेलो. पूर्ण अंतर.

ढोलाच्या पिकअपमध्ये होतो. कुणीतरी ढोल धरायला हवा. खूप घाम आला.

रविवार, २३ मार्च

एगीरमामा आले. सोबत कुळातली पाच वडीलधारी माणसं. रिवाजाप्रमाणे बसवलं, पाणी दिलं, मग विचारलं, काय निरोप घेऊन आलात?

मामा खाकरले. म्हणाले, भाच्या, तुला कोणता फोटो आवडतो?

मला आधी कळलं नाही. मग म्हणाले, अंत्यविधीच्या पोस्टरसाठी रे. बाकी काळं-लाल कापड आम्ही घेऊन ठेवलंय, कुळातल्या सगळ्यांसाठी एकाच छापाचं. नंतर धावपळ नको.

मी स्पष्ट सांगितलं की मी ठणठणीत आहे. तुझा बापही हेच म्हणायचा, मामा म्हणाले. मी तेवढ्यात फुफूचा दुसरा वाडगा संपवत होतो. एका काकांना शंका आली. मरणारा माणूस एवढं खातो का? दुसरे म्हणाले, ही शेवटची भूक असते.

आराबा आत जाऊन बसली. ती हसत होती का रडत होती, मला दारामागून कळलं नाही.

क्रेनच्या केबिनमधला फोटो दिला. त्यात मी चांगला आलोय.

बुधवार, २ एप्रिल

डोकं दुखतंय. ऊन.

सोमवार, ७ एप्रिल

डोकं. ऊनच. केबिनमध्ये डोळ्यांपुढे काजवे चमकले. काच नीट पुसत जा म्हणून सफाईवाल्यांना झापलं.

सासूबाई विचारतात, जावईबापू, आज रस्सा का उरला? तपासणी जवळ आलीय म्हणून मी नेटानं कमी खातोय. आज दोनच वाडगे.

शुक्रवार, ११ एप्रिल

बाबाही डोकं दुखतंय म्हणायचे. ऊन, म्हणायचे. तेही याच बंदरात, जुन्या क्रेनवर. एका सकाळी कंटेनर अर्ध्यात लटकत राहिला आणि खालच्यांना कळलं की वर काहीतरी झालंय. चौघांनी दोर बांधून त्यांना खाली आणलं. बावन्न वर्षांचे होते.

मला ऑगस्टमध्ये बावन्न होतील.

हे इथं कशाला लिहिलं कळत नाही. मोहिमेशी याचा संबंध नाही.

शनिवार, १२ एप्रिल

ड्रॉवर उघडला. बंद केला. ड्रॉवर करकरतो, तेल घालायला हवं.

सोमवार, २८ एप्रिल

आठवडा उरला. कडूपाल्याचा रस सुरू. तपासणीआधी डावा पाय उचलून धरला की प्रेशर पडतं, असं टॅक्सीवाला म्हणाला. त्याच्या मेव्हण्याचं पडलं होतं. मेव्हणाही पडला होता, पण ते वेगळं.

आमिसा माझ्या खुर्चीची उंची मोजत होता. मी नुसता हसलो.

सोमवार, ५ मे

सकाळी. आज निकाल. संध्याकाळी सविस्तर लिहीन. कमिटीसमोर चार शब्द बोलायला लागतील म्हणून भाषण तयार ठेवलंय.

संध्याकाळी.

१७८/११०. वजन सहा किलोनं वाढलं. सिस्टरनी तिसरं मशीन आणलं, मी न मागता. तेच आलं. मी डावा पाय उचलून बसलो होतो. त्या म्हणाल्या, एसुमानकाका, पाय खाली ठेवा. मी पाय खाली ठेवला. मग म्हणाल्या, मशीन बरोबर आहेत हो. आजपासून क्रेन बंद. रोज गोळी, दर सोमवारी मला भेटायचं, आणि प्रेशर उतरलं की खुर्ची परत तुमची.

कुटुंबांतलं पहिलं बक्षीस आराबाला. १२६/८०. बक्षीस म्हणजे घरी प्रेशर मोजायचं मशीन. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. भाषण खिशातच राहिलं.

उशी आणि थर्मास आणायला एकदा वर जायची परवानगी मिळाली. पाच मिनिटं बसलो. समोर समुद्र, मागे अख्खं ताकोराडी, गेटापाशी आराबाची निळी छत्री. बावीस वर्षं रोज हे बघतोय. फार वाईट वाटलं. रडलो थोडा. मग आमिसाला खुर्चीचा खटका कुठं अडकतो ते दाखवलं. तो म्हणाला, दादा, लवकर बरा होऊन ये, मला उंचीची भीती वाटते. पाच वर्षांत हे तो कधी बोलला नव्हता.

गेटावर आराबा गाडी बंद करून उभी होती. उशी बघून तिला सगळं कळलं. मला वाटलं आता टोमणा येणार. ती माझा हात धरून म्हणाली, तुझ्या बापाला चौघांनी दोरानं खाली आणलं. तू आपल्या पायांनी खाली आलास. मला तेवढं पुरे.

मग तिथंच, रस्त्यावर, पाण्याची पिशवी फोडून मला गोळी दिली. घेतली.

एगीरमामांचा फोन आला. कापड नीट घडी करून ठेवलंय, म्हणाले. रंग पक्का आहे, घाई नाही.

खाली लिफ्टनं आलो होतो. आराबाला बोललो नाही.