पाठमोरं बसायचं काम

३ मे, शुक्रवार

"सोळा पूर्ण आहेत का?" — आज ग्रंथालयातही तेच! पुस्तकं कपाटात लावायला सोळा वर्षं कशाला लागतात? मला अक्षरं येतात, आकडे येतात. टेबलामागच्या बाईंनी चष्म्यावरून माझी उंची मोजली आणि म्हणाल्या, मोठी झालीस की ये. फुकट राबायला तयार आहे, तरी नको!

परवा हॉस्पिटलमध्ये वॉचमननेच वाटेला लावलं. वृद्धाश्रमात विचारलं, कुणाची नात? कुणाचीच नाही म्हटल्यावर असे बघायला लागले, जणू मी कवळ्या चोरायला आले आहे.

अख्खी सुट्टी पडली आहे. घरात थांबायचं नाही. बस्स.

५ मे, रविवार

का थांबायचं नाही ते इथे लिहायला काय हरकत आहे? कोण वाचतंय!

मला टिल्ली म्हणून चिडवणारा दादा हिवाळ्यात हॉस्टेलवरून परत आला. कॉलेज अर्ध्यात सोडून. का, ते त्याने सांगितलं नाही. वीस वर्षांचा माणूस स्वतःच्या खोलीत शिरला आणि आतून कडी घातली. आम्ही घरात नसलो की बाहेर येतो. दाराशी ठेवलेलं ताट कधी रिकामं असतं, कधी तसंच. आई दारासमोर रडते, बाबा दारावर थापा मारतात. मग दोघं स्वयंपाकघरात एकमेकांवर हळू आवाजात ओरडतात. मला ते सगळं ऐकू येतं. मी चमचा खाली ठेवला तरी आई दचकते.

मला दादाचा राग येतो. आणि भीती वाटते. दोन्ही एकदम.

८ मे, बुधवार

मिळालं!! भटक्या कुत्र्यांचा निवारा, शेवटच्या स्टॉपच्या पुढे. तिथल्या बाईंनी वय विचारलं, मी तेरा म्हटलं आणि परतायला वळलेसुद्धा. तर म्हणाल्या, थांब, तुझ्यासारख्यांसाठी एक काम आहे.

काम म्हणजे वाचायचं. मोठ्याने. ज्या कुत्र्यांना माणसांची भीती बसली आहे त्यांच्या पिंजऱ्याबाहेर, जाळीकडे पाठ करून बसायचं आणि वाचत राहायचं. वळायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही, जाळीत बोट घालायचं नाही. अठराच्या आतल्यांना पिंजऱ्यात पाऊल टाकायची परवानगी नाही.

संध्याकाळी आई सही करायला आली. आई कुत्र्याला इतकी घाबरते की फाटकाबाहेर उभं राहूनच सही केली.

९ मे, गुरुवार

माझ्या वाट्याला आलेल्याचं नाव घुम्या. तांबूस, एक कान फाटलेला. कुणीतरी त्याला काठीने मारत असे म्हणतात. पार कोपऱ्यात, भिंतीला चिकटून. मी घाईत घरून चुकीचं पुस्तक उचललं होतं — वॉशिंग मशीनचं, मशीनबरोबर येतं ते. तेच वाचलं. "यंत्र सपाट जागेवर ठेवावे." घुम्याने हूं की चूं केलं नाही. मला वाचताना हसू येत होतं आणि मान अवघडली होती.

१४ मे, मंगळवार

मानेवर गरम श्वास! तो जाळीपर्यंत आला. मी "पाण्याचा दाब कमी असल्यास" वर होते. अंगावर काटा आला, पण वाचत राहिले. भूगोलाचं पुस्तक नेलं तेव्हा आला नव्हता. त्याला मशीनच आवडतं.

१७ मे, शुक्रवार

बाईंनी आज बोलावून सांगितलं. पुढच्या शुक्रवारी डॉक्टर येणार. पिंजऱ्यात जाऊन प्रत्येकाच्या समोर उभ्या राहणार, गळ्याला हात लावणार. जे लावू देतील ते कुणाच्या तरी घरी जातील.

जे देणार नाहीत ते?

बाईंनी नळ बंद केला, परत सुरू केला, परत बंद केला. मग म्हणाल्या की जागा नाही, नवीन कुत्री रोज येतात, आणि चावणारं कुत्रं कुणी घरी नेत नाही. सुई देतात. त्याला कळतही नाही, असं म्हणाल्या.

मला कळतं ना!

२० मे, सोमवार

माझी फार मोठी चूक झाली आहे.

आज वाचून झाल्यावर मी मुद्दाम उठले आणि त्याच्याकडे तोंड केलं. आत्तापर्यंत माझ्या खांद्यामागे सुस्कारे टाकत होता तो! एका क्षणात मागच्या भिंतीवर जाऊन आदळला, दात बाहेर, पाय थरथर. मला ओळखलंच नाही. कसं ओळखणार? त्याने माझं तोंड कधी पाहिलंच नव्हतं. मी त्याला एवढंच शिकवलं, की पाठमोरं माणूस बरं असतं. समोरचं माणूस अजून काठीवालंच आहे.

धावत बाईंकडे गेले. त्या शांतपणे म्हणाल्या, पहिली पायरी हीच असते, तू नियम पाळलास. दुसरी पायरी मोठ्या माणसाची. आत बसायचं, आधी पाठमोरं, मग अर्धं वळून, मग समोर. पण मोठी माणसं कुठे आहेत? रविवारी येतात, पिल्लांबरोबर फोटो काढतात आणि जातात. त्या स्वतः गेल्या वर्षी जाळं घेऊन त्याला पकडायला गेल्या होत्या. त्यांचा वासही त्याला सहन होत नाही.

बाबांना विचारलं. रजा नाही. आईला विचारलं, तर ती नुसती पांढरीफटक पडली.

२२ मे, बुधवार

आज घरी कुणी नव्हतं. म्हणजे दादा होता. मी त्याच्या दाराला पाठ टेकून खाली बसले आणि त्याला घुम्याचं सगळं सांगितलं. समोर बघून, भिंतीशी बोलल्यासारखं. फाटका कान, वॉशिंग मशीन, सुई.

बोलता बोलता मध्येच आतला पंखा बंद झाला. ऐकू यावं म्हणून केला का? की उगाच?

२४ मे, शुक्रवार

घडलं तसं लिहिते.

डॉक्टर आत गेल्या. चांगल्या होत्या, हळू बोलत होत्या, पण समोरून गेल्या. घुम्या गुरगुरला नाहीच, सरळ झेपावला. बाही टर्रकन फाटली. बाई दार उघडायला धावल्या आणि मी जाळी धरून ओरडले, "वळा! त्याच्याकडे पाठ करा आणि खाली बसा!"

एवढ्या मोठ्या डॉक्टर, पण त्यांनी ऐकलं. वळल्या, खाली बसल्या. मी बाहेरून पुस्तक वाचायला लागले, तोंडपाठच झालंय आता. "झाकण नीट लागले आहे याची खात्री करावी." आवाज फाटत होता. कितीतरी वेळ काही नाही. मग नखांचा आवाज. आणि घुम्याने त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकली.

डॉक्टर हलल्या नाहीत. त्यांचे डोळे भरले होते, मी पाहिलं.

बाहेर येऊन मात्र म्हणाल्या, "हे पास धरता येत नाही. पण नापासही मी लिहिणार नाही. पुढच्या शुक्रवारी परत येते. तोवर रोज कुणीतरी आत बसलं पाहिजे."

मी बसते, म्हटलं.

"तू नाही. अठराच्या वरचं कुणीतरी."

बाईंनी विचारलं, घरी कुणी आहे का? मी म्हटलं, आहे. पण तो यायचा नाही.

२५ मे, शनिवार

परत दादाच्या दाराशी बसले. आई-बाबा घरात असताना. आईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, बाबांनी तिचा हात धरला.

ठरवलं होतं, नीट सांगायचं. पण रडू आलं आणि मग राग आला. म्हटलं, तुला काय झालंय ते मी विचारणार नाही. कधीच विचारणार नाही. मला फक्त अठराच्या वरचा माणूस हवाय! त्याच्याशी बोलावं लागत नाही, त्याच्याकडे बघावंही लागत नाही, नुसतं पाठ करून बसायचं, ते तर तुला येतंच!

हे बोलायला नको होतं. पण बोलून गेले.

मग म्हटलं, "उद्या जेवण झालं की निघते. मी मागे वळून बघणार नाही, दादा."

ताट तसंच परत आलं.

२६ मे, रविवार

बसमध्ये लिहितेय, अक्षर हलतंय.

चपला घालत होते. मागे कडी वाजली. स्वयंपाकघरात आईच्या हातून काहीतरी पडलं. मी वळले नाही. जिना उतरले, रस्ता ओलांडला, स्टॉपवर जाऊन उभी राहिले. मागून बुटांचा आवाज येत होता, मध्येच थांबत होता, परत येत होता. बसमध्ये पुढच्या सीटवर बसले.

आत्ता मागच्या सीटवरून आवाज आला. खरखरीत, खूप दिवस न वापरलेला.

"टिल्ले, ते वॉशिंग मशीनचं पुस्तक घेतलंयस ना?"