सावलीला आलेला उंटकोळी

३ एप्रिल
आज पळाले! सौर प्रकल्पावर पॅनेल पुसत होते, तर खालून तो निघाला – तळहाताएवढा, केसाळ, पिवळट. मी डावीकडे तर तो डावीकडे. मी उजवीकडे – तोही! बादली एकीकडे, चप्पल दुसरीकडे. टँकरवाला हसून हसून खाली बसला. "उंटकोळी आहे तो. झोपलेल्या माणसाचा लचका तोडतो. आधी जागा बधिर करतो, कळतसुद्धा नाही!"

स्वयंपाकवाली मावशी म्हणे, "त्याला मारा, नाहीतर उद्यापासून तुमचं तुम्ही शिजवा."

खोली आम्हा दोघींची. खाट तिची, जमीन माझी. म्हणजे लचका कुणाचा, ते उघडच आहे.

हां, लिहायचं होतं दुसरंच – ताईचा फोन. "बाबांना विचारलं, तू आलीस तर चालेल का. काहीच बोलले नाहीत. ये ना गं!" काहीच न बोलणं म्हणजे हो की नाही? कॉलेज सोडलं तेव्हा मात्र बोलले होते. "पायाला भिंगरी लागलीय ना? जा. पुन्हा माझ्या सावलीलाही उभी राहू नकोस."

नाही राहिले.

४ एप्रिल
भाजी करपली. मावशीचं सगळं लक्ष खाटेखाली.

६ एप्रिल
चावला! मला नाही, मावशीला. चपलेत बसला होता, तिनं पाय घातला. बोटाला थोडं रक्त, पण आक्रोश केवढा! "माझ्या बांगड्या सुनेला द्या गं – नको, नको, लेकीला द्या!"

दवाखान्यातली नर्स म्हणाली, "विष नसतं हो त्याला. जबडा तेवढा मोठा. साबणानं धुवा. सुजलं, पू झाला तरच या."

"बधिर करतो म्हणे?" मावशीनं विचारलं.

"बधिर केलं असतं तर एवढ्या ओरडल्या असत्या का?"

येताना मावशी हळूच म्हणाली, "बांगड्यांचं कुणाला बोलू नकोस."

७ एप्रिल
परत आला माझ्यामागे. या वेळी पळाले नाही. (खोटं. दोन पावलं पळाले.) थांबले, तर तोही थांबला – बरोब्बर माझ्या सावलीत. मी सरकले, सावली सरकली, तोही सरकला. अरे वेड्या! तुला मी नकोच होते. ऊन नको होतं!

उभीच राहिले मग. मुकादम ओरडले, "पुतळा झालीस काय गं?"

"पाहुणा आलाय, साहेब."

मस्त गेला दिवस. त्या दिवशी पळताना तुटलेला चपलेचा अंगठाही शिवून झाला.

जबडा मोठा, विष नाही – बाबांचंही असंच असेल का? जवळ गेल्याशिवाय कसं कळणार!

९ एप्रिल
निघाले. मावशीनं डबा बांधून दिला. "चपला झटकून घाल. आणि तोंड आवर तिथे."

१० एप्रिल
पोचले. ऊन कलतं, पण चटके देणारं. फाटकातच थांबले. बाबा बाहेर आले. "आलीस," म्हणाले. ये नाही, जा नाही. मग चालत उन्हाच्या बाजूला येऊन उभे राहिले. माझ्या तोंडावरचं ऊन गेलं.

मी सरकले नाही. तेही नाहीत.