आभार कुणाचे

ताई,
रागातच नमस्कार. ‘आहे त्याचे आभार मानत जा, दुःख हलकं होतं,’ हा तुझा उपदेश पोचला. तिथे बसून बोलायला तुझं काय जातं?

इथे लॉन्ड्रीत आमचा सुपरवायझरही रोज कामाआधी सगळ्यांना गोल उभं करून कंपनीचे आभार मानायला लावतो. परवा चादरींच्या प्रेसमध्ये माझा उजवा हात भाजला, तर म्हणे, “डावा वाचला, त्याचे आभार मान.”

आज माझी पाळी आली. म्हटलं, “घड्या घालणाऱ्या मावशींचे आभार. माझा हात अडकला तेव्हा त्यांनी धावत येऊन मशीन बंद केलं. तुम्ही चादर जळाली म्हणून ओरडत होतात.”

मग मावशींनी मला दवाखान्यात नेणाऱ्या ड्रायव्हरचे आभार मानले, ड्रायव्हरने मावशींच्या डब्याचे. कंपनीचं नाव कुणी काढलं नाही. उद्यापासून तो कार्यक्रमच बंद!

मन हलकं झालं, हे खरं. पण तू उगाच शेफारू नकोस.

बाबांचा खोकला कसा आहे? आईला हाताचं सांगू नकोस. पाकिटावरचं अक्षर असं वाकडं का, विचारलं तर म्हण, घाईत लिहिलंय.

तुझी फटकळ धाकटी