पातेल्यातला दगड

सौंसर, १९ मे

प्रिय अमृता,

दोनदा तुझा नंबर लावला आणि तू उचलायच्या आत बंद केला. तू उलट फोन केलास तेव्हा चुकून लागला म्हणालो. ते खरं नव्हतं. बोलताना मला विषय बदलता येतो, म्हणून आज लिहायला बसलोय.

आधी आईची तब्येत सांगतो. आता भिंत धरून अंगणापर्यंत जाते. कणिक मळायला घेतली की मनगटं भरून येतात, मग शेजारच्या पुष्पाबाई येऊन मळून देतात. नागपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगात ताकद यायला अजून दोन-तीन महिने जातील. ती नुसती खोकली तरी मी हातातलं टाकून उठतो. दुपारी तिचा डोळा लागला की मी दारात उभा राहून तिची चादर वरखाली होते का ते बघतो. परवा तिनं डोळे न उघडताच विचारलं, "काय बघून राहिले?" चष्मा शोधतोय, म्हणालो. चष्मा नाकावर होता.

मोहगावच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण समुद्र पाहिला तो साठीला, तू आम्हाला रामेश्वरमला नेलंस तेव्हा. परत आल्यावर बैठकीत खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. संत्र्याच्या बागांच्या या गावात समुद्रातले मासे पाळतो म्हणून लोक बघायला यायचे. नागपूरच्या दुकानदारानं आठ महिने थांबवून तो गोल्डफ्लेक एंजल आणून दिला. अंगावर सोनेरी ठिपके, ओठ निळे, आणि असा मासा आपल्याकडं क्वचितच येतो. आईनं सुरुवातीला नाक मुरडलं. पुढं मात्र लाईन गेली की पाणी तापू नये म्हणून बर्फाच्या बाटल्या टाकीत सोडायला तीच धावायची. माशानं हातचं खाल्लं त्या दिवशी तिनं पुष्पाबाईंना बोलावून आणलं होतं.

माशाबरोबर टाकीत समुद्रातला दगडही ठेवावा लागतो, त्यानं पाणी साफ राहतं. आपल्या एका दगडावर सदऱ्याच्या गुंडीएवढी हिरवी-केशरी पोवळी होती. दिसायला सुंदर, पण ती पसरत चालली होती. एप्रिलमध्ये तो दगड काढून, आल्यावर बघू म्हणून मी मागच्या अंगणात बादलीत ठेवला आणि माझ्या शाळेतल्या भैय्याजींच्या मुलीच्या साक्षगंधाला पांढुर्ण्याला गेलो. दगडाला हात लावू नको, एवढंही आईला सांगितलं नाही.

दुपारी तीनला परतलो तर स्वयंपाकघर वाफेनं भरलेलं. खारट, कुबट वास. गॅसवर मोठं पातेलं, त्यात दगड उकळत होता. आई ओट्याला टेकून खोकत होती, डोळे लाल. म्हणाली, "तुमचा दगड घासून ठेवीन म्हटलं. निघूनच नाही राहिलं, म्हणून उकळाले टाकला. तोंड कसं कडू कडू झालं पहा." मी गॅस बंद केला, खिडकी उघडली. माझाही घसा जळायला लागला. संध्याकाळपर्यंत तिला थंडी वाजून ताप भरला, पाय लुळे पडले. गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, मग श्वास लागला म्हणून नागपूरला न्यायला सांगितलं. गाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. प्रत्येक श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता आणि पुढचा येतो की नाही ते मी बघत होतो.

डॉक्टरीणबाईंनी मला तीनदा विचारलं, घरात काही वेगळं घडलं का, फवारणीचं औषध वगैरे? दोनदा मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा दगडाचं सांगितलं. त्या पोवळ्यात विष असतं, ते उकळलं की वाफेतून पसरतं, हे आत्ताच मोबाईलवर वाचलं, असंही म्हणालो. त्यांनी मला शाबासकी दिली, अमृता. वेळेवर शोधून काढलंत, म्हणाल्या. तुलाही मी तेच सांगितलं.

यावर उतारा नाही, आदल्या दिवशी कळलं असतं तरी औषधं बहुतेक हीच दिली असती, असंही त्या म्हणाल्या. पण माझ्या गप्प बसण्यात पातेलं घरात तसंच राहिलं. पुष्पाबाई मागं घर आवरायला आल्या, त्यांनी ते घासलं आणि दोन दिवस खोकत होत्या. परवा त्यांच्याकडं जाऊन खरं सांगितलं. त्यांनी पाणीही विचारलं नाही. आईसाठी मात्र येतात.

खरं हे आहे की मला माहीत होतं. दगड दिला त्याच दिवशी दुकानदारानं बजावलं होतं, हातमोज्यांशिवाय धरू नका, घासू नका, गरम पाणी तर अजिबात नको. मी घरी सांगितलं नाही. आईनं ऐकलं असतं तर टाकी दुसऱ्याच दिवशी घराबाहेर गेली असती. पहिल्या दोन वेळा मी नाही म्हणालो ते विसरल्यामुळे नाही. तुला माहीत होतं का, असं कुणी विचारेल याची भीती वाटली. ती आत कण्हत होती आणि मी स्वतःची अब्रू सांभाळत बाकावर बसलो होतो.

मासा आणि टाकी दुकानदार घेऊन गेला. पण हे पत्र त्यासाठी नाही. ती घरी आल्यावर तू फोनवर रागावलीस, बाबांच्या वस्तूंना न विचारता हात लावतेसच कशाला म्हणून. स्पीकर सुरू होता. "माह्यीच चूक झाली व बाई," ती म्हणाली. मी शेजारी बसून लसूण सोलत होतो. तसाच सोलत राहिलो. तेव्हापासून तू तिच्याशी तुटक बोलतेस, आणि ती खरंच मानून बसली होती की आपल्या अडाणीपणानं हे झालं.

आज सकाळी तिला सगळं सांगितलं.  माझ्याकडं न पाहताच तिनं विचारलं, "मी मेली असती तरी नसतं सांगितलं का?" मी चष्मा काढून पुसत बसलो. ती उठली, भिंत धरून आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. तेव्हापासून बोलली नाही. तिच्या या गप्प राहण्याची मला त्या दवाखान्यापेक्षा जास्त भीती वाटते आहे. पत्र पोचलं की फोन आईला कर. माझ्याशी बोलावंसं वाटेल तेव्हा बोल, नाही वाटलं तरी मी समजेन. तिच्याशी मात्र त्याच दिवशी बोल.

कसाही असलो तरी तुझाच,
बाबा