तीन वर्षांची अट

सोमवार, ३ नोव्हेंबर
सरोजिनी नगरच्या चार्जर कारखान्याची तीन वर्षं संपली. आणि तपासणी माझ्याकडेच! अटही मीच लिहिलेली — तीन वर्षांत माल परदेशी गेला तर सरकारी मदत चालू, नाहीतर बंद. चार वर्षांपूर्वी प्रशिक्षणाला कोरियात गेले होते, तिथून हे डोक्यात घेऊन आले. तिथले एक निवृत्त अधिकारी म्हणाले होते, मदत सगळीच सरकारं देतात, आम्ही ती वेळेवर काढून घेतली. केवढं पटलं होतं! आल्या आल्या मसुदा करायला बसले. तेव्हा कारखाना फक्त कागदावर होता.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
जाऊन आले. सुटे भाग सगळे बाहेरून खोक्यांतून येतात. इथे जोडायचे, स्क्रू पिळायचे, डबीत भरायचे. तीन वर्षांत एक डबीसुद्धा परदेशी गेलेली नाही.

बासष्ट बायका. बऱ्याचशा पार शहराच्या दुसऱ्या टोकाहून, बख्शी का तालाबकडून दोन टेम्पो बदलून येतात. त्यांची मुख्य विभा — नवरा वारला, पदरात दोन मुली. माझा हात धरून म्हणाली, "मैडम, आप ही की योजना है ना? भगवान आपका भला करे." तोंड कुठे लपवू असं झालं.

मालकांनी चहा पाजला. अट वाचून दाखवली तरी मान हलवत बसले. माणूस खचलाय बहुतेक.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
आमचे निगम साहेब — "अरे मैडम, दो लाइन लिख दीजिए, प्रगति संतोषजनक. एक साल और मिल जाएगा. किसी का क्या जाता है?"

जातं ना! खरोखर बाहेर माल पाठवू शकतील अशांचे अर्ज पैसे उरले नाहीत म्हणून वर्षभर माझ्याच कपाटात पडलेत. हे साहेबांना सांगितलं. ते मोबाइल बघत होते.

रविवार, ९ नोव्हेंबर
घरी निरंजन म्हणाले, नियम तुझाच, मग पाळ. हवाई दलातल्या माणसाला सोपं आहे. वरून हुकूम येतो, हे पाळतात. माझा हुकूम मीच काढलाय, तक्रार कोणाकडे करू? मैत्रेयी जेवता जेवता विचारते, "आई, फिर वो आंटी लोग कहाँ जाएँगी?" तिच्यावर उगाच खेकसले.

बुधवार, १२ नोव्हेंबर
रजा टाकली. दिवसभर कपाट आवरलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर
लिहिलं. 'मदत बंद करावी.' साहेबांनी वाचलं, सही करून पुढे पाठवलं. ते अडवतील अशी खात्री होती. खरं सांगायचं तर, अडवावं असंच वाटत होतं.

सोमवार, १५ डिसेंबर
कारखाना बंद झाला. विभाचा फोन आला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाली, "मैडम, आपने तो सच ही लिखा होगा." खरं तेच लिहिलं होतं. त्याने काय झालं?

मंगळवार, ६ जानेवारी
आमच्या महानगर वस्तीतल्या कपूरथला बाजारात विभा दिसली. मटार निवडून घेत होती. मी दुसऱ्या गल्लीने घरी आले.

गुरुवार, २९ जानेवारी
टेबलावर नवा अर्ज. नवी कंपनी, मालकीण चंद्रप्रभा — जुन्या मालकांची पत्नी. जागा तीच, खोकी तीच, बायका त्याच बासष्ट, यादीत पहिली विभा. जुन्या कंपनीची मदत संपल्याचा पुरावा म्हणून माझाच अहवाल जोडलाय! तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. माझ्या अटीत याला अडवणारं एक वाक्य नाही.

तरी नाकारायला कारण शोधता आलं असतं. मी विभाचं नाव पुन्हा एकदा वाचलं आणि शिफारशीवर सही केली.